समेट झाला, पण सलोखा? कागदावरची तडजोड आणि घरातला अबोला

पलीकडची_ओसरी | ११ जानेवारी, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय घरचा आहे, त्यामुळे लिहावं की नाही यात चार दिवस गेले.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठी. आजोबा गेल्यावर १९९८ साली वडील (आम्ही त्यांना दादा म्हणतो) आणि धाकटे चुलते तात्या यांची वाटणी झाली. विहीर सामाईक राहिली आणि बांध कुठून धरायचा यावर तीन गुंठ्यांचा घोळ राहिला. १९९९ ला दावा दाखल झाला. त्याच साली वाड्याच्या माजघरात भिंत उठली. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीला दोन कुलपं लागली, एक आमचं आणि एक त्यांचं. देवघर तात्यांच्या वाटणीत गेलं. त्यामुळे नवरात्रात आणि सणासुदीला आमच्याकडचं नैवेद्याचं ताट पलीकडे जातं, काकू उंबऱ्यात घेते आणि परत देते. बोलणं शून्य.

२०२३ मध्ये लोकअदालतीत तडजोड झाली. बांध मोजून घेतला, दगड रोवले, विहिरीची पाळी लिहून ठरली. दोघांनी सह्या केल्या, न्यायाधीशांनी दोघांना हस्तांदोलन करायला लावलं. मी तिथे होतो. मला वाटलं, सुटलो! पण घरी दोघं दोन वेगवेगळ्या एसट्यांनी आले.

त्याला आता तीन वर्षं होत आली. तंटा मिटला, अबोला तसाच आहे. येत्या वैशाखात माझ्या बहिणीचं लग्न आहे. मी दादांना विचारलं, तात्यांकडे जायचं का? ते म्हणाले, "तीन गुंठे कधीच सोडले असते. ते कैफियतीतलं वाक्य काढ म्हणावं त्याला." तात्यांच्या कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) लिहिलं होतं की थोरल्या भावाने आईच्या सोन्याच्या पाटल्या परस्पर विकून पैसे खाल्ले.

तर माझा प्रश्न असा. समेट म्हणजे नेमकं काय? वाद संपणं, की मन निवळणं? आणि ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी पहिलं पाऊल कोणतं टाकलं?

गाववाला_मिरज | ११ जानेवारी, रात्री १०:०५

आमच्या भावकीत तिसरी पिढी बोलत नाही. भांडण कशावरून झालं हे आता एकालाही सांगता येत नाही. वाचतोय.

काळा_कोट | ११ जानेवारी, रात्री ११:३०

मी दिवाणी बाजूची वकील आहे, बावीस वर्षं झाली. आधी कायद्याचं सांगते.

लोकअदालतीतला निवाडा हा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो. तो अंतिम असतो, त्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत मिळते. म्हणजे तुमचा बांध आणि विहीर हे विषय आता पक्के मिटलेत. कुणी मोडलंच तर दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) लावता येते.

पण कोर्ट "एका पंगतीत जेवा" असा हुकूमनामा देऊ शकत नाही. तडजोडीची पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) दाखल झाली की दावा निकाली निघतो आणि कैफियत मात्र रेकॉर्डमध्ये तशीच राहते. त्यातलं वाक्य खरं की खोटं यावर कुणी काही बोललेलंच नसतं. तडजोडीत तो भाग मुद्दाम गाळतात, कारण तो विषय काढला की तडजोड फिसकटते.

आणि हे सांगायला हवं: कैफियतीतली अशी वाक्यं बऱ्याचदा आम्ही लिहितो. पक्षकार चिडून दोन शब्द बोलतो, आम्ही त्याचा परिच्छेद करतो. पूर्वी मला वाटायचं, बाजू भक्कम होते. एका दाव्यात एका म्हाताऱ्या वादीने माझ्यासमोर विरुद्ध बाजूची कैफियत शेजाऱ्याकडून वाचून घेतली आणि कागद घडी करून टोपीत ठेवला. दर तारखेला तो कागद त्यांच्या टोपीत असायचा. त्यानंतर मी चारित्र्यावर जाणारं वाक्य पुराव्याशिवाय लिहीत नाही.

तुमच्या तात्यांना ते वाक्य आठवत तरी आहे का, हे बघा. बहुतेक त्यांनी नुसती सही केलेली असणार.

पलीकडची_ओसरी | १२ जानेवारी, सकाळी ७:१५

@काळा_कोट, टोपीतल्या कागदाचं वाचून रात्री झोप लागली नाही. दादांच्या ट्रंकेत त्या कैफियतीची प्रत आहे. त्या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ आहे.

शब्दांचा_माळी | १२ जानेवारी, सकाळी ९:५०

निवृत्त मराठी शिक्षक. तुम्ही "समेट म्हणजे काय" असं विचारलंत म्हणून शब्दांबद्दल थोडं.

आपल्याकडे यासाठी शब्द भरपूर आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे. *तडजोड* म्हणजे दोघांनी थोडं थोडं सोडणं. *समेट* म्हणजे पसरलेलं भांडण आवरून घेणं. *सलोखा* ही नंतरची स्थिती, रोजच्या वागण्यातली. जुन्या पत्रव्यवहारात "सलूख" हा शब्द तहासाठी येतो. *दिलजमाई* मला सगळ्यांत आवडतो. फारसीतून आलेला शब्द, दिल आणि जमा. विखुरलेलं मन गोळा होणं. जुन्या मराठीत त्याचा अर्थ नुसता "मनाचं समाधान" असा होता, दोन माणसांमधला समेट हा अर्थ नंतर रुळला. म्हणजे आधी स्वतःचं मन ठिकाणावर, मग दुसऱ्याशी.

तुमच्याकडे तडजोड झाली, समेटही झाला म्हणा. दिलजमाई झाली नाही, आणि म्हणून सलोखा नाही.

तलाठी_सजा_१२ | १२ जानेवारी, दुपारी १:२०

विषय जमिनीचा निघालाच आहे तर. राज्य शासनाची "सलोखा योजना" जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली. एकाच्या नावावरची जमीन दुसऱ्याच्या वहिवाटीत आणि दुसऱ्याची पहिल्याच्या वहिवाटीत, अशी प्रकरणं गावोगाव आहेत. त्यातली बरीच १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली गट पाडले तेव्हापासूनची. कागद एकाचा, नांगर दुसऱ्याचा. बारा वर्षं तसा ताबा असेल तर या योजनेत अदलाबदलीचा दस्त १००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १००० रुपये नोंदणी फी एवढ्यात होतो. एरवी मुद्रांक बाजारभावावर लागतं, म्हणून लोक वर्षानुवर्षं करत नव्हते. मुदत आधी दोन वर्षांची होती, पुढे वाढवली. कुणाला लागू असेल तर आपापल्या तलाठ्याकडे जाऊन विचारा.

पंचनाम्याला आम्ही बांधावर जातो. एकदा दोन चुलतभाऊ आले, वयं सत्तरीच्या पुढे. दोघांनी गटाच्या खुणा दाखवल्या, एकाही फुटाचा फरक नाही. मी म्हटलं, तुमचं तर आधीच पटलंय की. त्यातला एक म्हणाला, "पटलंय व्हतंच साहेब, पर कुनी इचारलंच न्हाई." नाव सलोखा आहे, काम मात्र सातबाऱ्याचं. तरी मी म्हणेन, सातबारा नीट नसेल तर सलोखा टिकत नाही. नुसत्या गोड बोलण्यावर पुढची पिढी भांडते.

हक्कसोड | १२ जानेवारी, रात्री ८:४४

माझं नाव बघून कळलं असेल मी काय बोलणार ते.

धागाकर्त्याला माझा एक साधा प्रश्न. तुमच्या वडिलांना बहीण आहे का? असेल तर १९९८ च्या वाटणीत तिचं काय झालं?

आमच्याकडे दोन भावांचं भांडण मिटवायला मामा बसले, पंच बसले, चहा झाला, सगळ्यांचे डोळे पाणावले. आणि मग मला बोलावून हक्कसोडपत्रावर, म्हणजे माझा हिस्सा सोडल्याच्या कागदावर, सही घेतली. "भावांचं जुळलंय, आता तू मोडता घालू नकोस. माहेर राहील." माहेर राहिलं म्हणजे वर्षाला एक साडी राहिली. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही. पण सही केलेल्या बाईला त्याचा काय उपयोग?

आपल्याकडे समेट म्हणजे सगळ्यांत कमी आवाज असलेल्या माणसाने गप्प बसायचं. सासूसुनेचा समेट म्हणजे सुनेने पाया पडायचं. नवऱ्याने हात उचलला तर समेट म्हणजे तिने परत नांदायला जायचं. घर शांत झालं म्हणजे सलोखा झाला असं नाही. मला या शब्दाची भीती वाटते, आणि ती उगाच नाही.

गाववाला_मिरज | १२ जानेवारी, रात्री ९:१०

ताई, पण धाग्याचा विषय दोन भावांचा आहे. सगळीकडे हक्काचं आणलं तर घरं कशी टिकायची?

हक्कसोड | १२ जानेवारी, रात्री ९:१६

तुमच्याच भावकीत तीन पिढ्या बोलत नाहीत ना दादा? तिथे तर बहिणींनी हक्क मागितले नव्हते.

गाववाला_मिरज | १२ जानेवारी, रात्री ९:३१

हे मात्र खरं बोललात. मागे घेतो.

तंटामुक्त_माजी | १३ जानेवारी, सकाळी ६:५०

हक्कसोड ताईंशी सहमत, आणि मी हे आतून पाहिलंय. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा मी आमच्या गावच्या समितीत होतो. चांगलं काम झालं. पाणंद रस्ते मोकळे झाले, गटारीचे, शिवीगाळीचे, शेळीने पीक खाल्ल्याचे कितीतरी तंटे देवळात बसून मिटले. पोलीस ठाण्याचे हेलपाटे वाचले.

पण बक्षीस होतं. बक्षीस आलं की आकडे आले. शेवटच्या महिन्यात एका मुलीची तक्रार आम्ही "घरगुती" म्हणून मिटवली. तिच्या बापाला चौघांनी समजावलं, नवऱ्याकडून कागद लिहून घेतला. ती रडत होती आणि आम्ही रजिस्टरमध्ये एक तंटा कमी केला. ती पुढे वर्षभरात कायमची माहेरी आली. हातावर डाग होते. मी आजही तिच्या दारावरून जात नाही. तिच्याशी समेट मी कुठल्या तोंडाने करू?

जोबर्गचा_जोशी | १३ जानेवारी, दुपारी ४:०५

जोहान्सबर्गला एकोणीस वर्षं राहतोय. इथे हा प्रश्न एका अख्ख्या देशाला पडला होता, म्हणून लिहितो.

वर्णभेदाची राजवट संपल्यावर १९९५ च्या कायद्याने सत्य आणि समेट आयोग नेमला गेला, अध्यक्ष आर्चबिशप डेझमंड टुटू. पहिली सुनावणी एप्रिल १९९६ मध्ये ईस्ट लंडन शहरात झाली. नावात क्रम बघा: आधी सत्य, मग समेट. ज्याने राजकीय हेतूने अत्याचार केले त्याने सगळं उघड सांगितलं तरच माफी मिळणार. सात हजारांवर अर्ज आले, माफी मिळाली साडेआठशेच्या आसपास लोकांना. म्हणजे माफी काही खिरापत नव्हती. दुसरीकडे एकवीस हजारांवर पीडितांनी जबान्या दिल्या, त्यातल्या काही रेडिओ-टीव्हीवरून घराघरांत गेल्या.

माझ्या ऑफिसात एक वयस्क सहकारी होते, त्यांचा भाऊ १९८० च्या दशकात नाहीसा झाला. त्यांनी मला सांगितलं की आयोगापुढे त्यांच्या आईला फक्त एवढंच हवं होतं: हाडं कुठे आहेत. शिक्षा झाली नाही तरी चालेल, जागा सांगा.

पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर चित्र फार गोड होईल. आयोगाने पीडितांना सहा वर्षं दरवर्षी रक्कम द्यावी अशी शिफारस केली होती. सरकारने २००३ मध्ये एकरकमी ३०,००० रँड जाहीर केले. आयोगाने पुढे खटल्यांसाठी दिलेली प्रकरणंही वर्षानुवर्षं पडून राहिली. इथले कृष्णवर्णीय लोक आजही म्हणतात, आम्ही माफ केलं, जमीन मात्र त्यांच्याकडेच राहिली.

तेव्हा तलाठी साहेब आणि हक्कसोड ताई, तुम्ही दोघं वेगवेगळ्या दारांनी एकाच खोलीत आला आहात असं मला वाटतं. खरं बोललं गेलं पाहिजे आणि घेतलेलं परत गेलं पाहिजे. एकाने भागत नाही.

साखरगाठी | १३ जानेवारी, संध्याकाळी ६:१२

उद्या संक्रांत आहे. तिळगूळ घेऊन जा की सरळ! एवढं काय त्यात?

रानफूल_७७ | १३ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

आमच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडलेल्या दोघांनी गेल्या संक्रांतीला तिळगूळ दिला, गळाभेट घेतली आणि त्याच संध्याकाळी त्याच खांबाशेजारी परत भांडले. हलवा अजून खिशात होता दोघांच्या. :)

उत्तम_क्षमा | १३ जानेवारी, रात्री ८:२५

साखरगाठी, तुमचं म्हणणं पटतं, पण अर्धं. आम्ही सांगलीकडचे जैन. पर्युषणात दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा असतो आणि शेवटी क्षमावाणीला एकमेकांची क्षमा मागतात. लहानपणी मी सगळ्या गल्लीला हात जोडत फिरायचो. आता तर एक संदेश लिहिला की तीनशे जणांना जातो.

माझी आजी एक गोष्ट करायची. त्या दिवशी ती कुणाकुणाकडे जायची हे ठरलेलं नसायचं, पण एका घरी नक्की. वर्षभरात ज्याचं मन तिने दुखावलंय असं तिला वाटायचं, त्या एका घरी. आणि तिथे ती "कळत नकळत काही चुकलं असेल तर" असं म्हणायची नाही. "त्या दिवशी पाण्यावरून मी तुला असं असं बोलले, ते चुकलं" असं म्हणायची. एकदा मी सोबत होतो. समोरची बाई म्हणाली, "मी विसरले होते हो." आजी म्हणाली, "मी नव्हते विसरले."

"काही चुकलं असेल तर" यातल्या "असेल तर"मध्ये सगळी माफी वाहून जाते.

काळा_कोट | १३ जानेवारी, रात्री ८:५८

@उत्तम_क्षमा, हे मी लिहून ठेवतेय.

मोडीवाचक | १४ जानेवारी, सकाळी १०:३०

सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा. थोडं अवांतर, पण विषयाला धरून.

मराठेशाहीत वतनाचे, हद्दीचे तंटे गोतसभेपुढे यायचे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, परगण्याचे देशमुख-देशपांडे असे सगळे बसायचे. सुरू करण्याआधी दोन्ही बाजू लिहून द्यायच्या की तुम्ही द्याल तो निवाडा मान्य. त्या कागदाला म्हणायचे राजीनामा! आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं, तेव्हा राजीनामा म्हणजे राजी असल्याचं लिहून देणं. निवाड्याचा महजर (निकालाचा कागद) व्हायचा, त्यावर हजर लोकांच्या सह्या, ज्याला लिहिता येत नाही त्याची निशाणी. पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला दिसतो.

आणि हरलेला पक्ष *येजितखत* लिहून द्यायचा. म्हणजे "माझा दावा खोटा होता" अशी लेखी कबुली. जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी (जिंकल्याच्या आनंदाची रक्कम) घ्यायचं, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी, म्हणजे दंड. आजच्या तडजोडीत नेमकं हे येजितखतच गायब आहे. तुमच्या दादांना तीच कबुली हवीय, एका ओळीची.

हक्कसोड | १४ जानेवारी, सकाळी ११:०२

माहिती छान आहे मोडीवाचक, पण गोताचं फार कौतुक नको. तेच गोत वाळीत टाकायचं, आणि परत घ्यायला दंड आणि जेवणावळी मागायचं. जातपंचायतींनी तर हे आपल्या काळापर्यंत चालवलं. म्हणूनच महाराष्ट्राला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला ना, विधिमंडळात २०१६ ला मंजूर झाला आणि २०१७ ला लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मोडीवाचक | १४ जानेवारी, सकाळी ११:२०

बरोबर. महजरावर बाईची निशाणी मी क्वचितच पाहिली आहे. तुमचा मुद्दा त्यातच आला.

एकटीच_बरी | १४ जानेवारी, दुपारी २:४५

मी थोडं वेगळं बोलणार आहे. प्रत्येक तुटलेलं जोडायलाच हवं का? मी सख्ख्या भावाशी नऊ वर्षं बोललेले नाही. त्याने आईच्या आजारपणात जे केलं ते मी इथे लिहिणार नाही. मी त्याचं वाईट चिंतत नाही. आमच्या घरात शांतता आहे ती अंतरामुळे आहे. दर सणाला कुणीतरी "मिटवा आता" म्हणतं तेव्हा मला नव्याने दुखतं. मला वाटतं, मन निवळणं आणि येणं-जाणं सुरू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मी करू शकते. दुसरी करायची की नाही हे मला ठरवू द्या.

शब्दांचा_माळी | १४ जानेवारी, दुपारी ३:१०

ताई, जुन्या अर्थाची दिलजमाई हीच. तुम्ही ती केली आहे.

कोकणी_सोलकढी | १४ जानेवारी, संध्याकाळी ५:३३

एक निरीक्षण. आमच्याकडे भावकी जन्मात बोलणार नाही, पण सुतक मात्र दहा दिवस चोख पाळणार. ज्याचं तोंड बघत नाही त्याच्या घरच्या मयतासाठी दहा दिवस देवाला हात लावणार नाही, आणि खांदा द्यायलाही पुढे. लहानपणी मला हे ढोंग वाटायचं. आता वाटतं, नातं कुठेतरी धरून ठेवायची ती एक दोरी आहे.

त्यावरून धागाकर्त्याला विचारतो. तुम्ही लिहिलंत की नैवेद्याचं ताट पलीकडे जातं आणि काकू परत देते. ताट रिकामं परत येतं का?

साखरगाठी | १४ जानेवारी, संध्याकाळी ५:४१

अरे हो! रिकामं ताट परत देत नाहीत.

पलीकडची_ओसरी | १४ जानेवारी, रात्री १०:५०

मी आज गावीच आहे. प्रश्न वाचला आणि आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "रिकामं कसं येईल?"

म्हणजे एवढ्या वर्षांत एकदाही ताट रिकामं आलेलं नाही. काकू साखरेची चिमूट ठेवते, कधी खोबऱ्याचा तुकडा, मळणी झाली की पसाभर शेंगा. आईने सांगितलं, २००६ ला मला टायफॉइड झाला होता तेव्हा नवरात्र नसतानाही एक दिवस आईने उगाच नैवेद्य पाठवला. ताटात साखरेऐवजी अंगाऱ्याची पुडी आली. दोघी एक शब्दही बोलल्या नाहीत.

मी पुण्यात बसून लिहिलं होतं "बोलणं शून्य". मला ते ताट दिसलंच नव्हतं.

हक्कसोड ताई, तुमच्या प्रश्नाला तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण उत्तर देता येत नव्हतं. हो, आम्हाला आत्या आहे. वाटणीच्या वेळी तिनेही सही केली. दादा आणि तात्या ज्या एका गोष्टीवर तेव्हा एकमताने वागले, ती हीच. हे मी आज जेवताना दादांना म्हटलं. ते ताटावरून उठले.

हक्कसोड | १४ जानेवारी, रात्री ११:०८

उत्तर दिलंत, एवढं पुरे आहे मला आज. जपून घ्या.

तलाठी_सजा_१२ | १६ जानेवारी, दुपारी १२:००

कायदेशीर बाजूने सांगतो, हक्कसोड झालेला असला तरी भाऊ आपल्या हिश्श्यातून बहिणीला बक्षीसपत्राने देऊ शकतात. इच्छा असेल तर वाट आहे. मुद्रांकाचं आधी विचारून घ्या.

रानफूल_७७ | २० जानेवारी, रात्री ९:००

काही कळलं का पुढे? रोज धागा उघडून बघतेय.

पलीकडची_ओसरी | २ फेब्रुवारी, रात्री १०:२०

उशीर झाला, क्षमस्व. जसं घडलं तसं लिहितो.

दादा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "गाडी काढ. आक्काकडं जाऊ." आत्याचं सासर कऱ्हाडच्या पुढे, तासाभराचं अंतर. वाटेत त्यांनी पेढे घेतले, मग परत फिरून साडी घेतली, मग साडी गाडीतच ठेवली. म्हणाले, "साडी न्यायची न्हाई आज. ती दर वर्साला नेतो."

आत्याने पाणी दिलं. दादा इकडचं तिकडचं बोलत राहिले, ऊस, तोड, पाणी. मग उत्तम_क्षमांच्या आजीसारखं नाही जमलं त्यांना, पण एवढं म्हणाले, "वाटणीच्या टायमाला तुला काय पायजे ते इचारलं न्हाई आमी. कागद पुढं केला." आत्या बराच वेळ गप्प. हातातला पदर दुमडत, उलगडत. मग म्हणाली, "मला जमीन नको व्हती रं. पर इचारायचं तरी."

आणि मग बोलता बोलता पाटल्यांचा विषय निघाला. दादांनीच काढला, त्यांच्या डोक्यातून तो जातच नाही. आत्या चकित झाली. म्हणाली, "पाटल्या? त्या तर आईनं माझ्या बाळंतपणात मोडल्या. दवाखान्याला पैसे नव्हते यांच्याकडं. कुनाला सांगू नको म्हनली, तुझ्या सासरचं नाव खराब व्हईल." म्हणजे आजीने कुणालाच सांगितलं नाही. तात्यांना खरंच वाटलं असणार की थोरल्याने विकल्या. आणि आत्याला कैफियतीत काय लिहिलंय हे माहीतच नव्हतं. कोर्टाचं तिला कोण सांगणार? तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

दादा तिथेच बसून रडले. ७४ वर्षांचे आहेत. मी त्यांना असं कधी पाहिलेलं नाही.

परत येताना मी म्हटलं, चला, आता तात्यांना जाऊन सांगू. ते म्हणाले, नको. "मी खरा ठरलो हे सांगायला जायचं का त्येच्या दारात?" मला याचं उत्तर सुचलं नाही. त्यांनी ट्रंकेतली कैफियतीची प्रत काढून आईकडे दिली आहे. फाडलेली नाही.

जमिनीचं अजून बोलणं व्हायचंय. दादा आपल्या वाटणीतला विहिरीजवळचा अर्धा एकर आत्याच्या नावाने करू म्हणतात. माझी तयारी आहे, बहिणीचीही आहे.

आता प्रश्न पत्रिकेचा. ती पुढच्या आठवड्यात छापायला जातेय. निमंत्रकांत तात्यांचं नाव घालायचं हे ठरलंय. आत्याचंही घालायचं आहे, नुसतं मामा-मावशांच्या खाली बारीक अक्षरात नाही. पण छापण्याआधी तात्यांना विचारायला कुणी जावं? आणि पाटल्यांचं कुणी सांगावं?

जोबर्गचा_जोशी | २ फेब्रुवारी, रात्री १०:५५

वाचून गलबलून आलं. सांगायचं आत्यांनीच. ती त्यांची गोष्ट आहे, तुमच्या दादांची नाही.

काळा_कोट | २ फेब्रुवारी, रात्री ११:१०

सहमत. आणि दादांनी सोबत जाऊ नये त्या वेळी. बहीण एकटी भावाकडे गेली तर त्यात हारजीत राहत नाही.

एकटीच_बरी | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:००

तात्यांना वेळ द्या. ऐकल्यावर लगेच उठून येतील अशी अपेक्षा ठेवू नका. इतकी वर्षं एक गोष्ट खरी मानून काढली आहेत त्यांनी.

कोकणी_सोलकढी | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

आणि पत्रिका काकूंकडे तुमच्या आईने न्यावी. त्या दोघींची वाट आधीपासून मोकळी आहे.

पलीकडची_ओसरी | ३ फेब्रुवारी, सकाळी ९:०५

आईला आत्ता फोनवर हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ताटातच घालून नेते पत्रिका."